अब्बांचा फोटो भिंतीवर की ट्रंकेत?

पत्र

ताई, दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचा मोहल्ला आहे. मी २९ वर्षांची. पाच वर्षं झाली, लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो काढते. आत पुरुष फोटोग्राफरला घेत नाहीत, म्हणून मला बोलावणी येतात. घर बरंचसं त्यावर चालतं.

मोठा भाऊ कुवेतला असतो. गेल्या वर्षी अब्बा गेले तेव्हा त्याला पोहोचता आलं नाही. मय्यत त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिली, मोबाईल मी धरला होता. आता तो सुट्टीवर आलाय. तिसऱ्याच दिवशी त्याने माजघरातला अब्बांचा मोठा फोटो उतरवला. म्हणतो, तसवीर असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, आणि तुझी कमाई हराम आहे. त्याच्या सहा वर्षांच्या मुलाने वहीत कोंबडा काढला होता, ते पान फाडलं. आई एक शब्द बोलली नाही. तिने फोटो उचलला, चंदनाच्या सालींच्या हारासकट आपल्या कपड्यांच्या ट्रंकेत ठेवला. दुपारी सगळे झोपले की ती झाकण उघडून बघत बसते.

आमचे इमामसाहेब म्हणतात मोबाईलमधला चालतो, कागदावरचा नाही. मैत्रीण म्हणते सगळं जुनाट आहे, लक्ष देऊ नकोस. खरं काय? कॅमेरा विकून टाकू का?

— फोटोवाली

उत्तर

बाय, कॅमेरा विकू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी काही मुफ्ती नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, फतवा द्यायचा मला हक्क नाही. पण तुझ्यासारखीच शाफई, म्हणजे धर्माच्या नियमांत इमाम शाफईंची परंपरा मानणाऱ्या, कोकणी घरातली आहे, आणि हा वाद आमच्या ओटीवरही दोनदा होऊन गेलाय. त्यामुळे तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. जुनाट म्हणून उडवून लावलंस तर भावाशी बोलायची वाटच बंद होईल. तो हवेतलं बोलत नाहीये.

कुरआनात चित्र काढू नका अशी थेट आयत नाही. तिथे मनाई आहे ती मूर्तिपूजेची. उलट कुरआनच्या सबा या अध्यायात (सूरह) हजरत सुलेमानांसाठी जिन्न जे काही बनवत त्यात 'तमासील', म्हणजे पुतळे किंवा प्रतिमा, यांचा उल्लेख येतो. कडक शब्द आहेत ते हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या नोंदवून ठेवलेल्या वचनांत, आणि तेही बुखारी-मुस्लिमसारख्या सर्वांत भरवशाच्या संग्रहांत. कुत्रा किंवा तसवीर असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही तुझा भाऊ सांगतो ती हदीस तिथलीच. चित्रं घडवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी सांगितलं जाईल की जे घडवलंत त्यात आता रूह, म्हणजे प्राण, फुंका, आणि त्यांना ते जमणार नाही, हीही तिथलीच. अरबीत घडवणाऱ्याला 'मुसव्विर' म्हणतात, आणि अल-मुसव्विर हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे. जीव ओतणं हे त्याचं काम, माणसाने त्याची नक्कल करू नये, ही एक भीती. आज चित्र म्हणून टांगलेलं उद्या पूजेला लागेल, ही दुसरी. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं आपल्याकडे सगळ्याच जातीधर्मांतले म्हातारे म्हणायचे, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. माझ्या हिंदू वाचकांची इथे हमखास गल्लत होते, म्हणून सांगितलं.

आता आपण शाफई आहोत म्हणून काही सूट मिळेल, असंही समजू नकोस. उत्तरेकडून आलेला हनफी, म्हणजे दुसऱ्या परंपरेतला, इमाम तिसऱ्यांच्या कालवणाला हात लावत नाही आणि आपण त्याच्यापुढे वाटी सरकवतो, तसला हा फरक नव्हे. सजीवाचं चित्र काढू नये यावर हनफी आणि शाफई दोघेही ठाम आहेत. थोडी सैल भूमिका आहे ती मालिकी परंपरेची, तीही सपाट चित्रांपुरती. शाफईंमध्ये ज्यांचा शब्द चालतो ते इमाम नववी, १२७७ मध्ये वारले, त्यांनी साफ लिहून ठेवलंय की सजीवाचं चित्र काढणं मना, मग त्याची सावली पडो वा न पडो, म्हणजे पुतळा असो वा सपाट चित्र. पण त्याच ठिकाणी ते दुसरंही सांगतात. काढणं वेगळं आणि वापरणं वेगळं. भिंतीवर टांगलेलं, अंगावरच्या कपड्यावरचं, पगडीवरचं नको. पायाखालच्या सतरंजीवर असेल, उशीवर असेल, तर हरकत नाही.

हा फरक कुठून आला? पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्या पडद्यापासून. पैगंबरसाहेब (स.) प्रवासाहून परत आले तेव्हा घरात एका कोनाड्यावर चित्रांचा पडदा लावलेला होता. तो पाहून त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला, त्यांनी तो खेचून काढला. आयशांनी मग काय केलं? जाळला नाही, फेकला नाही. कापून त्याच्या उश्या शिवल्या, आणि त्या घरात वापरल्या गेल्या. कापड तेच, जागा बदलली. ही गोष्ट मी आयुष्यात पन्नासदा ऐकली असेल, पण दरवेळी पडद्यापाशीच थांबणारे भेटले, उशीपर्यंत येणारे फार थोडे.

आता ट्रंकेकडे ये. तुझ्या आईने जे केलं ते मला याच रांगेतलं वाटतं. फोटो भिंतीवर नाही, नमाजाच्या वेळी समोर नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला नाही. एका बाईने आपल्या नवऱ्याचा चेहरा आपल्या कपड्यांत ठेवलाय. भावाला जे हवं होतं ते झालं, आणि तिचंही गेलं नाही. न बोलता तिने हे केलं, हे बघून मी तर तिला सलाम केला असता.

एक गोष्ट मात्र तू नजरेआड करतेयस. तो हार. चंदनाच्या सालींचा हार घातलेला फोटो शेजारच्या हिंदू घरात असतो, तिथे त्याच्यापुढे दिवा लागतो, दसऱ्याला झेंडूचं फूल लागतं. त्यांच्या घरी ते त्यांच्या रीतीला धरून आहे. आपल्याकडे तो हार कोणीतरी प्रेमाने आणला, तुम्ही प्रेमाने घातला, आणि कुवेतहून आलेल्या मुलाच्या डोळ्यात पहिला तोच खुपला. खुपणारच. ज्या 'ताजीम'ची, म्हणजे फोटोला मान देण्याची, भीती आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, वाटते ती नेमकी हाराच्या रूपाने तुमच्या माजघरात लटकत होती. फोटोबद्दल वाद आहेत, हाराबद्दल नाहीत. तो काढ. आईला सांगून काढ.

फोटोबद्दल वाद आहेत म्हणाले, ते असे. आपल्या मराठीत फोटोला छायाचित्र म्हणतात. अख्खा वाद या एका शब्दात बसलाय. अर्धे आलिम म्हणतात ही छाया आहे, अर्धे म्हणतात हे चित्र आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तचे मुफ्ती होते मुहम्मद बखीत अल-मुतीई. त्यांनी फोटो जायज ठरवला. फोटोवाला काही घडवत नाही, अल्लाहने घडवलेल्याची सावली यंत्राने धरून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. आरशात दिसतं तेच, फक्त पुसलं जात नाही. पुढे कतारमध्ये राहिलेले युसुफ अल-करजावी यांनीही हीच बाजू घेतली, आणि त्यासाठी तिथल्या बोलीचा दाखला दिला. तिकडे फोटोला 'अक्स', म्हणजे प्रतिबिंब, आणि फोटोवाल्याला 'अक्कास' म्हणत. तुझ्या भावाने कुवेतमध्ये कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून हा शब्द ऐकलाय का, विचार बरं. बोलायला सुरुवात करायला हा प्रश्न वाईट नाही.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. सौदीचे मोठे मुफ्ती इब्न बाज, देवबंदहून पुढे कराचीला गेलेले मुफ्ती मुहम्मद शफी, हे म्हणाले की हाताने काढलं की यंत्राने, याने वस्तू बदलत नाही. शेवटी कागदावर चेहरा उतरतोच ना? देवबंदच्या दारुल उलूम या मोठ्या मदरशाने २०१३ मध्येही फोटोग्राफी नाजायज असल्याचंच सांगितलं, ओळखपत्र-पासपोर्टाची गरज तेवढी वगळून. आणि गंमत बघ, याच मुफ्ती शफींचे चिरंजीव तकी उस्मानी म्हणतात की पडद्यावरची डिजिटल प्रतिमा कुठे टिकून राहिलेली नसते, ती नुसती प्रकाशाची किरणं. जोवर छापली नाही तोवर तिला तसवीर म्हणू नये. तुमच्या इमामसाहेबांनी सांगितलं ते इथून आलंय. बाकीचे कित्येक देवबंदी आलिम हे मानत नाहीत. बापलेकांच्या एका घरातच प्रश्न कुठून कुठे गेला बघ, आणि तू म्हणतेस 'खरं काय' ते एका ओळीत सांगा.

इथे तुझ्या जिभेवर एक टोमणा आला असेल. 'तूच पासपोर्टावर फोटो चिकटवून कुवेतला गेलास ना?' तो गिळ. मीही एकदा दिराला मारला होता, त्याने दोन वाक्यांत मला गप्प केलं. जरूरत असेल तिथे मना असलेलंही चालतं, हा फिक्हमधला, म्हणजे धर्मकायद्यातला, जुना नियम आहे आणि पासपोर्ट त्यात चोख बसतो. खरं तर आपल्या किनाऱ्यावरचे अर्धे चिरेबंदी बंगले त्या पासपोर्ट साइझ फोटोवरच उभे आहेत, आधी जहाजावरच्या खलाशांचे, मग आखातातल्यांचे. माझ्या आईचा जगात एकच फोटो आहे, हजच्या पासपोर्टातला. डोळे विस्फारलेले, पदर कपाळापर्यंत, जणू चोरी पकडली गेलीय. तिला कॅमेरा कधी आवडला नाही. तिच्या माघारी तो फोटो मोठा करून घ्यावा असं मला फार वाटलं होतं. नाही केला. तिला विचारता आलं नसतं म्हणून.

आणि जंजिऱ्याचा दाखलाही देऊ नकोस. मुरूडला होडीतून किल्ल्याच्या दरवाज्याशी उतरलं की वर दगडात कोरलेलं ते वाघासारखं जनावर दिसतं, पंज्यांत हत्ती पकडलेलं. सिद्दी मुसलमान, किल्ला त्यांचा, आणि दारावर सजीवाचं शिल्प. विजापूरच्या आदिलशहांच्या पदरी चित्रकार होते, मुघलांकडे तर कारखानेच. अकबराचं म्हणणं त्याच्या दरबारातल्या अबुल फज्लने नोंदवलंय की चित्रकाराला देव जास्त कळतो, कारण अवयव काढता काढता आपल्याला जीव घालता येत नाही हे त्याच्या लक्षात येतं. मला हे फार आवडतं. पण बादशहाने केलं म्हणून ते शरियत होत नाही, तुझा भाऊ हे लगेच म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. मुसलमानांनी काय काय केलं हे कळायला जंजिरा उपयोगी आहे, घरातलं भांडण जिंकायला नाही.

आता तुझ्या कमाईचं. हे मात्र मी घाईने उरकणार नाही.

बुखारीत एक हदीस आहे, ती वाचताना मला नेहमी तुझ्यासारखं कुणी डोळ्यांसमोर येतं. एक माणूस इब्न अब्बासांकडे, पैगंबरांच्या चुलतभावाकडे, आला. म्हणाला, माझं पोट माझ्या हाताच्या कामावर आहे, मी ही चित्रं बनवतो. बस, एवढंच. कलेची बाजू मांडली नाही, बंडखोरी नाही, पोटाचं बोलला. इब्न अब्बासांनी त्याला पैगंबरांचे शब्द ऐकवले, रूह फुंकायला सांगितलं जाईल ते. ऐकून त्याने मोठा उसासा टाकला आणि त्याचा चेहरा पिवळा पडला. तेव्हा इब्न अब्बास म्हणाले, करायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात जीव नाही ते काढ. म्हणजे त्यांनी त्याला हाकलून दिलं नाही, धंदा बंद कर असंही नाही म्हटलं. त्याच हातांना दुसरा विषय दिला. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या भिंतींवर आठव्या शतकातलं रंगीत तुकड्यांचं काम आहे, त्यात झाडं आहेत, नदी आहे, वाडे आहेत, एक माणूस नाही.

तू फोटोला छाया मानतेस की चित्र, हे तुला स्वतःला ठरवावं लागेल. जायज म्हणणारे आलिम कुणी ऐरेगैरे नव्हेत. त्यांच्या मतावर चालणाऱ्या बाईची कमाई हराम आहे असं तुझ्या भावाने इतक्या सहज म्हणू नये, असं माझं मत. पण जायज म्हणणारेही एका बाबतीत ढिले नाहीत, आणि तिथे तुझं पाऊल घसरू शकतं. लग्नात बायका आत डोकं उघडं टाकून बसतात, मेंदीच्या रात्री नाचतात, त्या कुणाच्या भरवशावर? तुझ्या. तू बाई आहेस म्हणून त्यांनी दार उघडलं. तो फोटो नवरीच्या भावजयीच्या मोबाईलवरून कुणाच्या स्टेटसवर गेला, तर चित्र की छाया हा प्रश्न बाजूलाच राहतो, अमानत, म्हणजे भरवशाने सोपवलेली गोष्ट, मोडली जाते. चार वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. तिच्या हळदीचे फोटो फोटोवालीने जाहिरात म्हणून टाकले, मुलीला विचारलंच नाही. मुलीने सासरी दोन महिने मान वर केली नाही.

तेव्हा मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. घरच्यांशी आधीच बोलून घेतलं असतं की फोटो फक्त नवरीच्या हाती जातील, कार्ड किंवा पेनड्राइव्हवर. मोबाईल आणि लॅपटॉप आपोआप फोटो वर चढवतात, ते बंद ठेवलं असतं. काम पोहोचतं केलं की माझ्याकडची प्रत पुसली असती, आणि पुसली म्हणून नवरीला कळवलं असतं. जाहिरातीला एकाही बाईचा चेहरा वापरला नसता. चेहऱ्याशिवाय किती काही असतं गं लग्नात! मेंदी वाळल्यावर पोपडे सुटतात ते तळवे. सेहऱ्याच्या मोगऱ्याच्या कळ्या, दुपारच्या उकाड्याने कडेने तपकिरी होत चाललेल्या. मांडवामागे चुलाणावरची डेग आणि तिच्या झाकणाभोवती लावलेली कणीक. दारात काढून ठेवलेल्या शंभर चपला. आणि शिरच नसलेली आकृती झाडासारखी धरावी, असंही हदीसमध्ये आहे, त्यामुळे पाठमोरी नवरी किंवा नुसते हात यावर कडक माणसाचाही आक्षेप पुष्कळ कमी होतो.

लग्नांचा सीझन संपल्यावर हर्णै-कर्दे भागातल्या होमस्टेवाल्यांना खोल्यांचे फोटो लागतात, आंबेवाल्यांना पेट्यांचे. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तिथेही जा. बर्फावरच्या पापलेटाला सजीव म्हणायचं की कालवण, हे भावालाच ठरवू दे. मासळीवाल्या बायकांना मात्र विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नकोस. पर्यटक रोखतात आणि बायका तोंड फिरवतात. त्यांना काही कुणी हदीस सांगितलेली नाही. चेहरा आपला आहे, एवढं त्यांना माहीत आहे.

कोंबड्याचं सोपं आहे. हजरत आयशा लहान असताना बाहुल्या खेळायच्या. त्यात एक पंख असलेला घोडा होता, चिंध्यांचे पंख. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, सुलेमानांच्या घोड्यांना होते, ऐकलं नाहीत का? ते इतके हसले की दाढा दिसल्या. अबू दाऊदच्या संग्रहात आहे ही हदीस, आणि मुलांच्या खेळण्यांना बहुतेक आलिम यावरूनच सवलत देतात. चित्रकलेच्या तासाला नारळ काढ, होडी काढ, असं पोराला कुणी समजावून सांगितलं तर माझी तक्रार नाही. पान फाडल्याची आहे. भावाला ही घोड्याची गोष्ट सांग, आणि सांगताना तू हस.

एक ओळ तुझ्या पत्रात सहज येऊन गेलीय. बापाची मय्यत त्याने तुझ्या हातातल्या मोबाईलवर पाहिली. त्याला माती देता आली नाही. सुट्टीवर आला, घरात शिरला, आणि समोर अब्बा भिंतीवरून बघतायत, हार घालून. तिसऱ्या दिवशी त्याने फोटो उतरवला, पहिल्या दिवशी नाही. त्या दोन दिवसांत तो माजघरात बसला होता का, कुठे बसला होता, हे आईला ठाऊक असेल. मी यावरून काही ठरवत नाही. पण त्या कॉलबद्दल तुम्ही दोघं अजून बोललेला नाहीत, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. हराम-हलालच्या आधी ते बोलून घ्या, आणि कधीही 'तेव्हा बरा चालला मोबाईल' असं म्हणू नकोस.

शेवटचं, मृगाच्या आधी करायचं. ट्रंकेत फ्रेमसकट फोटो ठेवलात तर आपल्या पावसाळ्यात काचेला चिकटतो, सोडवायला गेलं की चेहराच काचेवर राहतो. दुपारी आई झाकण उघडेल तेव्हा तिच्या शेजारी जाऊन बस. मागचे खिळे पक्कडीने काढ, फोटो काचेतून सोडव, सुती कापडात गुंडाळ. कसर लागू नये म्हणून सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेव, पण कापडाच्या बाहेर. मोबाईलवर त्याची प्रत काढून ठेवायची का, ते तिला विचार. ती नको म्हणाली तर नको.